कपाटाचा माथा

माझे भावोजी सुतार. आमच्या गल्लीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘दोनवर्षं मिस्त्री’ म्हणायचे. हे नाव मीच पाडलं असा माझ्यावर आरोप आहे आणि तो खरा आहे.

त्याचं असं व्हायचं. कुणी पलंग सांगायला आलं, कपाट सांगायला आलं, की भावोजी आधी लाकूड विचारायचे नाहीत की माप विचारायचे नाहीत. कानावरची पेन्सिल काढायची, तिचं टोक डोळ्यांपुढे धरून निरखायचं आणि विचारायचं, “मुक्काम किती?” गिऱ्हाईक म्हणालं, “आता इथेच,” तर सांध्यात सरस भरायचा, खिळे ठोकायचे, काम पक्कं. सरस एकदा सुकला की कुऱ्हाड घातल्याशिवाय काही सुटायचं नाही. आणि गिऱ्हाईक म्हणालं, “दोन-तीन वर्षं बघू, मग परत गावी,” तर सगळं स्क्रूवर. प्रत्येक तुकड्याला आतल्या बाजूने पेन्सिलीने आकडा. जायच्या दिवशी सोडायचं, दोरीने बांधायचं, बसच्या टपावर टाकायचं, आणि घरी जाऊन आकडे बघत पुन्हा उभं करायचं. एकला दोन, दोनला तीन. वेंधळ्या माणसालाही जमावं असं काम होतं.

सुरुवातीला सगळेच दोन-तीन वर्षं सांगायचे. आणि कुणी उलट भावोजींना विचारलं, “मिस्त्री, तुमचा मुक्काम किती?” तर तेही म्हणायचे, “दोन वर्षं.” अगदी गंभीरपणे म्हणायचे. मी एकोणीस वर्षांची असताना ताईच्या बाळंतपणाला म्हणून इथे आले, तेव्हा त्यांना येऊन चार वर्षं झाली होती आणि उत्तर होतं दोन वर्षं. मी परत गेलेच नाही, याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझं लग्न लागलं, मुलगा झाला, तो शाळेत गेला, तरी भावोजींची दोन वर्षं सरेनात. मग माझ्या जिभेला काय हाड? ठेवलं नाव. ताई रागावली, पण भावोजी रागावले नाहीत. म्हणाले, “धाकटे, जाताना सोबत नेईन हो हे नाव.”

आमच्या इमारतीला तीन मजले, मजल्यावर आठ खोल्या आणि खाली टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. नळापाशी बादली लावून उभं राहिलं की कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं. मी आले तेव्हा एकेका खोलीत सहा-सहा पुरुष राहायचे, तिघे दिवसपाळीचे, तिघे रात्रपाळीचे. अंथरुणाला गार व्हायला सवडच नसायची. मग त्यांच्यातल्या एकाची बायको यायची आणि बाकीचे पाच जण मुकाट्याने दुसरी खोली शोधायचे. मग मुलं व्हायची. मुलं कमावती झाली की ते बिऱ्हाड शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, दोन खोल्या घेऊन निघून जायचं आणि रिकाम्या खोलीत पुन्हा सहा पुरुष यायचे. फक्त आधीच्यांपेक्षा लांबून आलेले. तो शेवटचा थांबाही दर पाच-सात वर्षांनी पुढे सरकायचा. माझा मुलगा आता जिथे राहतो तिथे मी आले तेव्हा बसच जात नव्हती.

खरोखर गावी परत जाणारे फार थोडे. कधीतरी एखादं म्हातारं जोडपं गुडघे धरत जिना उतरायचं. त्यांचं सामान सोडवायला भावोजी आपणहून जायचे, त्याची मजुरी घ्यायचे नाहीत, आणि नंतर दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

आता कपाटाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

भावोजींनी गाव सोडलं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. हत्यारं सगळी वडिलांची, ती धाकट्या भावाला ठेवली. स्वतःजवळ टेपसुद्धा नव्हती. निघायच्या सकाळी त्यांनी एक सुतळी घेतली आणि मागच्या खोलीची भिंत मोजली. खाली जमिनीशी सुतळीचं टोक त्यांच्या आईने धरलं, वर स्टुलावर चढून तुळईपाशी त्यांनी गाठ मारली. ही उंची. मग आडवी धरून दुसरी गाठ, ती रुंदी. आईला म्हणाले, “या भिंतीला एक कपाट करून आणतो. भिंतभर.” आई म्हणाली, “दोन वर्षांत आण. मी तोवर इथे काही ठेवत नाही.” ती सुतळी त्यांनी एकतीस वर्षं तंबाखूच्या रिकाम्या डबीत जपली. आई मध्येच गेली. सुतळी राहिली.

इथे आल्यावर पाचव्या वर्षी त्यांनी ते कपाट केलं. पाडलेल्या घरांची जुनी दारं मिळतील तिथून आणायची, रंधा मारायचा, एकेक फळी बाजूला ठेवायची. दोन दारांचं, खाली दोन खण, आणि वर नऊ इंच उंचीचा कोरलेला माथा. माथ्यावर एक वेल होती, इकडून तिकडे गेलेली, पानं मोजून अकरा. काम इतकं सुरेख की इमारतीतल्या बायका बघायला आल्या. पण खोलीत कपाट उभं केलं आणि माथा बसेना. त्यांच्या खोलीत निम्म्या भागावर माळा होता आणि तो माळा कपाटाच्या डोक्यावर आला. ताई म्हणाली, “अहो, माळ्याचं माप घ्यायचं ना.” भावोजी म्हणाले, “हे इथल्यासाठी केलंय कुठे?” माथा त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवला. “जाईन तेव्हा नेईन.”

सव्वीस वर्षं तो माथा पलंगाखाली आणि कपाट बोडकं. ताई केर काढताना दर वेळी तो लांबोडका गठ्ठा बाहेर ओढायची, पुसायची आणि परत आत सरकवायची.

त्या घरातलं सगळंच तसं. सगळं तिकडचं, फक्त तूर्त इथे ठेवलेलं. गिऱ्हाइकाच्या कामावर भावोजी एकपासून आकडे टाकायचे, पण स्वतःच्या घराची मोजणी त्यांनी एकाच वहीत सलग चालवली होती. कपाट एक ते एकोणीस, पलंग वीस ते सत्तावीस, पुढे मांडणी आणि स्टूल. ताईने आयुष्यात त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. दारापाशी आम्ही दोघी बसायचो, कारखान्यातून आलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन शिवणीचे लोंबते धागे तोडायचो, तिथे हाताशी एक फळी. कात्री, चष्मा, रेडिओ ठेवायला. भावोजी म्हणायचे, “भिंतीला भोक पाडायचं नाही. आपण इथले नाही.” सुताराची बायको सव्वीस वर्षं चष्मा जमिनीवर ठेवायची आणि दोनदा मी त्याच्यावर पाय दिला.

दर दोन वर्षांनी दोघं चार दिवस गावी जाऊन यायची. भावोजी परत यायचे ते कपाळावर टेंगूळ घेऊन. मागच्या खोलीच्या चौकटीला डोकं आपटायचं. पूर्वी कधी असं व्हायचं नाही म्हणे. मी म्हणायची, “शहराचं पाणी मानवलं तुम्हाला, भावोजी, उंची वाढली.” तेही हसायचे. “भिंत बघून आलो,” म्हणायचे. “जागा आहे.”

आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. छापखान्यात होते. दुपारी जेवायला बसले आणि उठलेच नाहीत. आमची लोखंडी खाट होती, तिच्यावर मला झोप येईना, म्हणून ती मी मोडीत काढली आणि महिनाभर जमिनीवर झोपले. ताईने सांगितलं असणार. भावोजी टेप घेऊन वर आले, भिंतीपाशी माप घेतलं आणि सवयीने विचारून गेले, “मुक्काम किती?”

माझा भडका उडाला. “मला आता कुठे जायचंय?” मी म्हणाले. “आई-वडिलांचं घर विकलं गेलं. नवऱ्याचं गाव मी दोनदा पाहिलंय. तुमच्यासारखी सुतळी नाही माझ्याकडे. सरस लावा. भरपूर लावा.”

भावोजी म्हणाले, “बरं.”

चार दिवसांनी मी खाली ताईजवळ धागे तोडत असताना त्यांनी पलंग वर नेऊन जोडून टाकला. गुळगुळीत, कुठे स्क्रूचं डोकं दिसत नाही, हलवला तर हूं की चूं नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हा पलंग सरसाचा आहे, आता माझ्याबरोबरच जाईल. मुलगा त्याच्या नव्या घरी राहायला बोलवायचा, त्यालाही तेच कारण सांगायची. वेळ मारून न्यायला पलंग बरा होता.

गेल्या वर्षी भावोजींच्या दुकानाच्या मालकाने लाकूड आणणं बंद केलं. आता खोकी येतात. खोक्यात कापलेल्या फळ्या, स्क्रूंची पिशवी आणि एक चित्रांचा कागद. फळ्यांवर आकडे छापलेले. एकला दोन, दोनला तीन. भावोजींनी महिनाभर लोकांच्या घरी जाऊन ती खोकी जोडून दिली. आयुष्यभर जे केलं तेच, पण यंत्राने केलेलं आणि रंध्याचा वास नसलेलं. कुणाला मुक्काम विचारायची गरजच उरली नव्हती, सगळ्यांचाच मुक्काम दोन वर्षांचा धरलेला. एक दिवस घरी आले आणि ताईला म्हणाले, “आता जाऊ.”

ताईची मुलगी, माझी भाची, दुसऱ्या, आणखी मोठ्या शहरात नोकरी करते. तिने फोनवरून हजारदा सांगितलं, माझ्याकडे या. पण गाव सोडून त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

मी विचारलं, “ताईला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? ठरलेलंच आहे.”

ठरलेलंच होतं, खरं आहे. ताई मूग गिळून बसली होती. मला मात्र राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्या माणसाच्या परत जाण्याची मी जन्मभर चेष्टा केली तो खरंच निघाला होता आणि माझी बहीण घेऊन चालला होता. बत्तीस वर्षांपूर्वी ताई लग्न होऊन गेली तेव्हा रडायला मी घरी होते, आणि आत्ताही मागे मीच राहणार होते.

निघायच्या आठ दिवस आधी भावोजी माझ्या खोलीवर आले. असे कधी येत नसत. हाक मारली की मीच खाली जायची. दारातच उभे राहिले. पलंगाकडे बघितलं. म्हणाले, “ट्रक मोठा सांगितलाय. तुझा पलंगही बसेल.”

मी हसले. रागात होते म्हणून जरा जास्तच हसले. “माझा पलंग सरसाचा आहे, भावोजी. विसरलात? तो इथून हलायचा नाही.”

“हां,” ते म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, पुन्हा ठेवली आणि जिना उतरून गेले.

सामान चढवायला सकाळी सगळी गल्ली जमली. भावोजी वही घेऊन ट्रकपाशी उभे, एकेक आकडा वाचतायत आणि माणसं एकेक तुकडा वर देतायत. एकोणीस आला, तो माथा. तो त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही, स्वतः चढून बिछान्यांच्या मध्ये ठेवला. तेहेतीसला स्टुलाचा शेवटचा पाय गेला. त्यांनी वहीचं पान उलटलं, बघितलं, काही वाचलं नाही आणि वही मिटून खिशात टाकली. मी चार दिवस घर लावायला म्हणून सोबत निघाले होते. ताईने रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं, आणि कडी लावलेली असताना पुन्हा एकदा ओढून बघितलं.

गावी पोचलो तर भावोजींच्या धाकट्या भावाने मागची खोली रिकामी करून, चुना मारून ठेवली होती. चांगला माणूस, आणि त्याची बायको त्याहून चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी कपाट जोडायला घेतलं. शेजारपाजारचे बघायला आले. हात कसे चालत होते सांगू. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण आकड्याला आकडा असा भिडत होता की टाळी वाजावी. तळ उभा राहिला, बाजू आल्या, दारं लागली. रुंदीला भिंतीशी केसाचंही अंतर नाही. भाऊ म्हणाला, “दादा, मानलं.” भावोजींनी चादर सोडली, माथा हातांत घेतला आणि स्टुलावर चढले.

माथा बसेना.

त्यांना वाटलं उलटा धरलाय. फिरवला. मग वाटलं, स्टूल डुगडुगतंय. खाली उतरले, स्टूल सरकवलं, पुन्हा चढले. कपाट आणि तुळई यांच्यामध्ये तीन बोटं जागा होती आणि माथा नऊ इंचांचा. त्यांनी खिशातून डबी काढली, सुतळी उलगडली आणि तिचं टोक धरायला इकडेतिकडे बघितलं. ताईने पुढे होऊन ते घेतलं, वाकून जमिनीला टेकवलं. वर तुळईपाशी सुतळी पोचली आणि तरी उरली. गाठीपर्यंतची सात इंच सुतळी त्यांच्या मुठीत दुमडलेली राहिली.

“दादा,” भाऊ म्हणाला, “ती फरशी घातली ना आपण. ओल येत होती म्हणून खाली भर घातली. तुला कळवलं होतं की.”

कळवलं होतं. भावोजींनी त्यासाठी पैसेही पाठवले होते. त्या फरशीवर बसून ते जेवले होते, झोपले होते, दर खेपेला चौकटीला डोकं आपटून टेंगूळ घेऊन आले होते. दुसऱ्याच्या घरी तीनदा टेप लावल्याशिवाय करवत न उचलणारा हा माणूस. स्वतःची भिंत त्याने एकदाच मोजली आणि मग जन्मभर तेच माप डोक्यात धरून बसला. उंची त्यांची वाढली नव्हती, जमीन वर आली होती. आणि त्यावर जोक मी केले होते.

भाऊ म्हणाला, “पाय कापू या का खालून? सात इंच तर हवेत.”

“नको,” भावोजी म्हणाले.

ताई म्हणाली, “राहू द्या हो. असंच बरं दिसतंय. सवय आहे आपल्याला.”

तिने ते त्यांना धीर द्यायला म्हटलं, मला माहीत आहे. पण ते ऐकून भावोजी स्टुलावरून उतरले, माथा पुन्हा चादरीत बांधला आणि अंगणात जाऊन हत्यारं पुसत बसले. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

मी निघाले त्या दिवशी मला बसपर्यंत पोचवायला तेच आले. बस हलायच्या बेतात असताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, “आमची खोली गेली का गं कुणाला?”

“अजून चार दिवसही नाही झाले, भावोजी.”

“नाही, सहज विचारलं.”

खोली पंधरा दिवसांत गेली. सहा पुरुष नाही, एक जोडपंच आलं, अगदी नवं. तो थंड पेयांच्या गोदामात लागलाय. दुसऱ्याच दिवशी त्याने भिंतीला भोकं पाडून दारापाशी फळी ठोकली. ताईला हवी होती तिथेच, हाताशी. मी नळावर चालले होते, ती बघत तिथेच उभी राहिले. न राहवून विचारलं, “मुक्काम किती?”

“बघू दोन-तीन वर्षं, मावशी. मग परत गावी.”

“तरी भिंतीला भोक पाडलंत?”

“मग फळी कशाला मारायची?” तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की माझंच काहीतरी चुकलंय. मला ताईची इतकी आठवण आली की मी पाणी न भरताच वर गेले. रिकामी बादली घेऊन.

सदऱ्यांचे गठ्ठे अजून येतात. मी आता खोलीतच बसून धागे तोडते. दारात एकटीने बसायला नको वाटतं. फोनवर ताई सगळं छान आहे म्हणते. मी निघून आल्यावर तिसऱ्याच दिवशी भावोजींनी न सांगता तिला फळी मारून दिली. “पण तिच्यावर काय ठेवू सुचत नाही,” ताई म्हणाली. “इथे धागे कुठे आहेत तोडायला? रेडिओ ठेवलाय. तू बडबडत नाहीस मध्ये, तर सगळं ऐकू येतं. बरं नाही वाटत.”

तीन महिन्यांनी एका सकाळी बसच्या कंडक्टरचा निरोप आला, तुमचं सामान आहे, उतरवून घ्या. जाऊन बघते तर जुन्या चादरीतला तो लांबोडका गठ्ठा. सुतळीने बांधलेला, त्याच सुतळीने, दोन्ही गाठींसकट. आत वहीचं अर्धं पान. ‘पलंगाखाली ठेव. येईन तेव्हा नेईन.’

मी बसस्टँडवर एकटीच हसले. मग कपाळाला हात लावला. गठ्ठा उभा धरून, लोकांच्या शिव्या खात दुसऱ्या बसने घरी आणला आणि तीन जिने चढून वर नेला. मनात म्हटलं, आता हे केर काढताना मी ओढायचं आणि मी पुसायचं.

माझा पलंग बुटका आहे. माथा आत सरकवायचा तर कुठेतरी अडत होता, म्हणून मी जमिनीवर आडवी झाले आणि डोकं आत घातलं. दुपारचं ऊन खिडकीतून थेट खाली येत होतं. इतक्या वर्षांत मी त्या पलंगाखाली झाडू घातला असेल, डोकं कधी घातलं नव्हतं. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडा होता. चौतीस.

शेजारच्या पट्टीवर पस्तीस. खालची शेपटी लांब ओढलेला त्यांचा तीन मी झोपेतही ओळखेन. छत्तीस, सदतीस. मी कुशीवर होत होत सगळा पलंग फिरले. एक्केचाळीसला संपला. सांध्यापाशी नख लावून खरवडलं तर पुट्टीचा पापुद्रा निघाला आणि खाली स्क्रूचं डोकं चमकलं.

त्यांच्या घराचं स्टूल तेहेतीसला संपत होतं. पुढचं पान माझं होतं. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले की मी इथून हलायची नाही, आणि अकरा वर्षं त्या वहीत मला मोजलेलं होतं. मला परत जायला जागा नाही म्हणून मी ज्या दिवशी ओरडले, त्याच दिवशी त्यांनी ती केली होती. आणि जायच्या आठ दिवस आधी दारात उभं राहून तो माणूस जे विचारायला आला होता त्याला मी हसले होते. मी तिथे जमिनीवरच बसून रडले. आमचे हे गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

संध्याकाळी फोन केला. भावोजींनीच उचलला.

“माथा पोचला,” मी म्हणाले. “बसला पलंगाखाली.”

“बसणारच. माप माहीत आहे मला.”

“भावोजी, पलंग सुटतो का हो माझा?”

मागे रेडिओ लागला होता. मग म्हणाले, “सुटतो. चार स्क्रू डोक्याशी, चार पायाशी. पुट्टी काढावी लागेल.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू सरस म्हणाली होतीस.”

मग तेच म्हणाले, “थांब, ताईला देतो.” ताई आली आणि आम्ही गठ्ठ्यांबद्दल, नव्या बिऱ्हाडाबद्दल, त्यांच्या फळीबद्दल बोललो. पलंगाचं तिला मी सांगितलं नाही. तिला माहीत नसावं. किंवा असेलही.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या नव्या जोडप्याकडून पेचकस मागून आणला. तो कशाला म्हणून विचारलं नाही त्यांनी. आठ दिवस झाले, खिडकीत पडलाय. त्याला परत द्यायचा आहे, रोज जिना उतरते आणि रोज विसरते.